मुंबईहून लंडनला: अंतर आणि मार्ग

दोन गांवांमधील अंतर ही एक ठरलेली वस्तु आहे, तिला राजाचा किंवा काळाचा हात लागत नाहीं, अशी आपली शाळेपासूनची समजूत असते. नद्या पात्रें बदलतील, राज्यें बुडतील. पण मुंबई आणि लंडन यांच्यामधले मैल जेवढे होते तेवढेच राहणार, हें भूगोलाच्या शिक्षकानें आपल्या मनावर पक्कें ठसविलेलें असतें. ही समजूत खोटी नव्हे. परंतु ती अपुरी आहे. प्रवासाला निघालेला माणूस मैल चालत नाहीं, तो मार्ग चालतो. आणि मार्ग ही भूगोलाची देणगी नसून इतिहासाची निर्मिति आहे. एकाच दोन गांवांमधला मार्ग गेल्या दोनशें वर्षांत किती वेळां बदलला आणि कोणाच्या इच्छेनें बदलला, हें पाहूं लागलें म्हणजे अंतर या साध्या शब्दाच्या पोटांत केवढा राजकारणाचा पसारा दडलेला आहे, याची कल्पना येते. तो पसारा थोडासा उलगडून पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम भूगोलाचें देणें देऊन टाकूं. मुंबईचा सहार येथील विमानतळ आणि लंडनचा हीथ्रो विमानतळ यांच्यामधलें जवळांत जवळचें अंतर सुमारें ७,२०० किलोमीटर, म्हणजे जुन्या हिशेबानें ४,४७५ मैलांच्या आसपास आहे. हल्लींचें मोठें प्रवासी विमान ताशीं सुमारें ९०० किलोमीटर वेगानें जातें. तेव्हां साध्या त्रैराशिकानें हा प्रवास आठ तासांचा ठरतो. प्रत्यक्षांत उड्डाण, चढण, उतरण, विमानतळावर उतरण्यापूर्वीं घालाव्या लागणाऱ्या घिरट्या आणि वाऱ्याचा विरोध हीं सर्व धरून वाट मोकळी असली तर नऊ-दहा तास लागतात.

पण हें जवळांत जवळचें अंतर कोणत्या वाटेनें मोजावयाचें? भिंतीवर टांगलेल्या नकाशावर पट्टी ठेवून दोन ठिपके जोडले, तर ती रेषा युरोप, तुर्कस्थान आणि इराक यांवरून तिरपी खालीं उतरते. हा नकाशा मर्केटर नांवाच्या नकाशाकारानें १५६९ मध्यें घालून दिलेल्या रीतीचा असतो. तो खलाशांना दिशा दाखविण्यास फार सोयीचा, परंतु अंतराच्या बाबतींत विश्वासास अपात्र. खरी गोष्ट पाहावयाची असेल, तर पृथ्वीचा गोल घ्यावा आणि एक दोरा दोन्ही शहरांवर ताणून धरावा. मुंबई ही लंडनच्या आग्नेयेस आहे असें आपण म्हणतों. पण हा दोरा लंडनहून निघतांना जवळजवळ नाकासमोर पूर्वेकडे निघतो! जर्मनी, पोलंडचा दक्षिण भाग आणि युक्रेन यांवरून जाऊन तो काळ्या समुद्राच्या ईशान्येस कॉकेशसकडे वळतो. मग कॅस्पियन समुद्र, इराण आणि बलुचिस्तान ओलांडून कच्छ-काठेवाडावरून मुंबईस येतो. वाचकांनीं ही रेषा ध्यानांत ठेवावी. पृथ्वीनें माणसाला दिलेली जवळची वाट ती हीच, आणि माणसाला ती सुखासुखी कधींच चालतां आलेली नाहीं.

आरंभीं तर ती स्वप्नांतही नव्हती. शिडाच्या जहाजांच्या काळीं मुंबईहून लंडनला जाणें म्हणजे आफ्रिका खंडाला वळसा घालणें होय. हा जलमार्ग साडेदहा हजारांहून अधिक सागरी मैलांचा; म्हणजे दोऱ्याच्या अंतराच्या पावणेतीनपट. त्याला वारा अनुकूल असला तर चार-पांच महिने लागत, नसला तर किती लागतील तें सांगणारा ज्योतिषी नव्हता. पत्र पाठवून उत्तराची वाट पाहणाऱ्या माणसाचें वर्ष त्यांतच जाई. कंपनीच्या लंडनमधील डायरेक्टरांनीं हिंदुस्थानांतील एखाद्या लढाईस मनाई करावी आणि ती मनाई येऊन पोहोंचण्यापूर्वीं लढाई संपून तहसुद्धां व्हावा, असा तो काळ होता. हिंदुस्थानांतील इंग्रज अधिकाऱ्यांना जी मोकळीक मिळाली, तिचें बरेंचसें श्रेय या अंतराला दिलें पाहिजे. वरिष्ठ दूर असले म्हणजे कनिष्ठ किती पराक्रमी होतात, हें कचेरींत काम केलेल्या कोणासही समजावून सांगावें लागणार नाहीं.

या मार्गाला पहिला तडा वाफेनें दिला. मुंबईच्या गोदींत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट २० मार्च १८३० रोजीं मुंबईहून निघाली आणि तांबड्या समुद्रांतून २२ एप्रिल रोजीं सुएझला पोहोंचली. वाटेंत कोळसा कमी पडूं नये म्हणून तो बोटीवर इतका भरला होता कीं, माणसांच्या जागाही त्यानें व्यापल्या. तेहतीस दिवसांच्या या प्रवासानें एक गोष्ट सिद्ध झाली: मधला सुएझचा पट्टा जमिनीवरून ओलांडला आणि पलीकडे भूमध्य समुद्रांत दुसरी बोट धरली, तर आफ्रिकेचा वळसा टाळतां येतो. पण आगबोटीला कोळसा हवा आणि कोळशाला ठाणें हवें. १८३९ च्या जानेवारींत इंग्रजांनीं एडन घेतलें, त्याच्या कारणांत ही कोळशाची गरज मुख्य होती. टपाल लवकर पोहोंचावें म्हणून एक बंदर जिंकलें गेलें! मार्ग बदलतो तेव्हां कोणाची तरी सत्ता वाढते आणि कोणाची तरी जाते, हा नियम येथें प्रथम स्पष्ट दिसतो. पुढें तो वारंवार दिसेल.

१७ नोव्हेंबर १८६९ रोजीं सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबई-लंडन जलमार्ग सुमारें सवासहा हजार सागरी मैलांवर आला. उतारूस मार्सेल्स येथें उतरून पुढें आगगाडीनें जाण्याची सोय होती. १९३१ मध्यें गांधीजी गोलमेज परिषदेसाठीं २९ ऑगस्ट रोजीं 'राजपुताना' बोटीनें मुंबईहून निघाले, ते या वाटेनें १२ सप्टेंबर रोजीं लंडनला पोहोंचले. म्हणजे शंभर वर्षांत महिन्यांचे पंधरवडे झाले.

परंतु या शंभर वर्षांतला सर्वांत खोल बदल बोटीनें केला नाहीं. तो तारेनें केला. १८७० सालीं मुंबई व इंग्लंड हीं समुद्राच्या तळांतून घातलेल्या तारेनें जोडलीं गेलीं. तारेपूर्वीं मनुष्य आणि त्याची वार्ता हीं एकाच वाहनानें प्रवास करीत. राजाचा खलिता सांडणीस्वाराहून वेगानें जाऊं शकत नसे. आतां शब्द पुढें गेला आणि देह मागें राहिला. लंडनमध्यें शिकणाऱ्या मुलाला बाप गेल्याची बातमी एक-दोन दिवसांत कळूं लागली. पण घरीं यावयास त्याला तीन आठवडे लागत, आणि तोंवर तेराव्याचें पान उठून गेलेलें असे. पूर्वीं बातमीच दोन-चार महिन्यांनीं येई, आणि दुःखही जणूं शिळें होऊन येई. तारेनें तें ताजें आणून दिलें. मात्र त्यावरचा उपाय, म्हणजे आपल्या माणसांत जाऊन बसणें, तो कांहीं तारेला आणतां आला नाहीं. विमानानें आपल्याला काय दिलें, याचा विचार करतांना ही गोष्ट विसरतां कामा नये. शब्दाच्या मागें पडलेल्या देहाला त्याच्या थोडेंसें जवळ नेऊन सोडणें, हेंच विमानाचें खरें कार्य होय.

तें कार्य प्रथम फार अडखळत झालें. ३० मार्च १९२९ रोजीं लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरून 'इंपीरियल एअरवेज' या कंपनीची हिंदुस्थानची पहिली नियमित सेवा सुरू झाली. तिचा मार्ग ऐकला तर हल्लींच्या वाचकाला हंसूं येईल. क्रॉयडनहून स्वित्झर्लंडमधील बाझलपर्यंत विमान. तेथून जिनोआपर्यंत रात्रीची आगगाडी. जिनोआहून अलेक्झांड्रियापर्यंत पाण्यावर उतरणारें विमान. मग कैरोपर्यंत पुन्हां आगगाडी. आणि कैरोहून गाझा, बगदाद, बसरा व इराणचा किनारा करीत कराचीपर्यंत तिसरें विमान. भाडें १३० पौंड आणि वेळ सात दिवस. रात्रीं उड्डाण नसे. उतारू वाटेंतल्या सरायांत झोंपत. आणि एवढें करूनही मुंबई आलीच नाहीं. ती पुढें राहिली.

कराची ते मुंबई हा तुकडा जोडण्याचें श्रेय जहांगीर रतनजी टाटा यांचें. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं लंडनहून आलेलें टपाल घेऊन ते कराचीहून पहाटे एका लहानशा 'पस मॉथ' विमानांतून एकटेच निघाले आणि अहमदाबाद येथें उतरून दुपारीं जुहूच्या मैदानावर आले. तेथून पुढें नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं तें टपाल बेल्लारीमार्गें मद्रासला नेलें. जुहूचें मैदान समुद्रालगतचें व सखल. पावसाळ्यांत तें विमानांच्या उपयोगी राहत नसे, म्हणून त्या दिवसांत सारा कारभार पुण्याजवळ येरवड्यास हलवावा लागे. ज्या येरवड्याचें नांव त्याच वर्षी एका कराराच्या निमित्तानें देशभर गाजलें, त्याच येरवड्याच्या माळरानावर पावसाळ्यापुरतें हें टपालाचें ठाणेंही असे, ही गोष्ट पुणेकर वाचकांपैकीं थोड्यांनाच ठाऊक असेल.

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. १९२९ च्या त्या वांकड्यातिकड्या मार्गाचें कारण केवळ यंत्रांचा दुबळेपणा नव्हतें. इटलीच्या सरकारनें परक्या विमानांच्या प्रवेशावर घातलेल्या निर्बंधांचा त्यांत मोठा वाटा होता. इराणनेंही आपल्या किनाऱ्यावरून जाण्याची दिलेली मुभा पुढें चालू ठेवली नाहीं, आणि १९३२ मध्यें सारा मार्ग आखाताच्या पलीकडे, अरबस्तानच्या किनाऱ्यावर न्यावा लागला. शारजाच्या शेखाशीं करार करून तेथें विमानतळ आणि उतारूंसाठीं किल्ल्यासारखी सराई उभारण्यांत आली. जें तेव्हां वाळवंटाच्या कडेचें एक लहान गांव होतें, त्याला जगाच्या नकाशावर आणणारी ही पहिली घटना होती.

येथें समुद्र आणि आकाश यांतला एक मूलगामी भेद लक्षांत येतो. समुद्र कोणाच्याही मालकीचा नाहीं, हें तत्त्व ह्यूगो ग्रोशियस या डच पंडितानें १६०९ मध्यें मांडलें आणि कालांतरानें राष्ट्रांनीं तें मान्य केलें. आकाशाच्या बाबतींत मात्र राष्ट्रांनीं नेमकी उलट दिशा धरली. १९१९ च्या पॅरिस करारानें आणि पुढें १९४४ च्या शिकागो करारानें असें ठरलें कीं, प्रत्येक राज्याची आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण सत्ता आहे. म्हणजे ज्या पोकळींत कुंपण घालणें अशक्य, तेथेंच कायद्यानें सर्वांत पक्कें कुंपण घातलें. पक्ष्याला आकाश मोकळें आहे. विमानाला तें कचेरींतून मागून घ्यावें लागतें.

स्वातंत्र्यानंतर हें मागणें आपल्याला आपल्या नांवानें करतां आलें. ८ जून १९४८ रोजीं 'एअर-इंडिया इंटरनॅशनल'चें 'मलबार प्रिन्सेस' हें विमान पस्तीस उतारू घेऊन मुंबईहून कैरो व जिनीव्हामार्गें लंडनला निघालें. प्रवास सुमारें पांच हजार मैलांचा. वेळ एका दिवसाच्या आसपास. १८३० मध्यें तेहतीस दिवसांत सुएझ गांठणें हा पराक्रम होता. आतां एका अहोरात्रांत लंडन येऊं लागलें.

या जवळिकीचें मोल कांहीं जणांनीं प्राणांनीं दिलें. हेंच 'मलबार प्रिन्सेस' विमान ३ नोव्हेंबर १९५० रोजीं आल्प्स पर्वतांतील माँ ब्लाँवर आदळलें आणि त्यांतील अठ्ठेचाळीसही जण गेले. त्यांपैकीं बहुतेक उतारू इंग्लंडमध्यें जहाजावर रुजू होण्यासाठीं निघालेले खलाशी होते. ज्यांनीं आयुष्यभर समुद्राशीं झुंज दिली, त्यांचा अंत बर्फाच्या डोंगरावर झाला. सुमारें पंधरा वर्षांनीं, २४ जानेवारी १९६६ रोजीं, 'कांचनजंगा' हें विमान त्याच पर्वतावर आदळून ११७ माणसें मृत्यु पावलीं, त्यांत डॉ. होमी भाभा होते. वेगाच्या इतिहासांत हीं पानें गाळून चालत नाहीं.

१९६० पासून झोताच्या शक्तीनें चालणारीं बोइंग ७०७ विमानें या मार्गावर आलीं. पुढची गोष्ट मात्र आश्चर्याची आहे. १८३० पासून १९६० पर्यंत प्रत्येक पिढीनें या प्रवासाचा वेळ निम्मा किंवा त्याहून कमी केला. आणि १९६० नंतर तो वेग जवळजवळ जागच्या जागीं थांबला. विमानें मोठीं झालीं, मध्यें न उतरतां एका दमांत जाऊं लागलीं. पण त्यांची आकाशांतली गति फारशी वाढली नाहीं. याचें कारण निसर्गांत आहे. ज्या उंचीवरून हीं विमानें जातात, तेथें ध्वनीचा वेग ताशीं सुमारें १,०६० किलोमीटर असतो. विमान त्याच्या जवळ जाऊं लागलें म्हणजे हवेचा प्रतिरोध एकदम वाढतो आणि इंधनाचा खर्च परवडेनासा होतो. 'कॉन्कॉर्ड' विमानानें ती भिंत ओलांडली. तें १९७६ ते २००३ पर्यंत उतारू नेत होतें. पण ती श्रीमंतांची चैन ठरली, आणि अखेर ती चैन श्रीमंतांनाही पेलली नाहीं.

वाऱ्याचाही एक शब्द येथें सांगितला पाहिजे. लंडनहून येतांना लागतो त्यापेक्षां मुंबईहून जातांना वेळ अधिक लागतो, हें नेहमीं जाणाऱ्यांना ठाऊक असतें. उंच आकाशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे प्रबळ वारे असतात. समजा, वाटेंत सरासरीनें ताशीं साठ किलोमीटरचा वारा आहे. तर येतांना विमानाचा वेग ९६० होईल आणि जातांना ८४०. सात हजार दोनशें किलोमीटरला पहिल्या हिशेबानें साडेसात तास लागतील, दुसऱ्यानें साडेआठांहून थोडे अधिक. शिवाय घड्याळाची गंमत निराळीच. हिंवाळ्यांत रात्रीं नऊला लंडनहून निघालेला मनुष्य नऊ तास प्रवास करून मुंबईस सकाळीं सहाला न उतरतां साडेअकराला उतरतो. कारण आपलें घड्याळ ग्रीनिचच्या साडेपांच तास पुढें. १९०६ पूर्वींचा प्रवासी असता, तर त्याचा याहीवर वाद झाला असता. मुंबईचें स्वतःचें घड्याळ तेव्हां ग्रीनिचच्या चार तास एकावन्न मिनिटें पुढें होतें, आणि सरकारनें नवी वेळ लागू केल्यावरही मुंबईकरांनीं तें कित्येक वर्षें हट्टानें चालविलें.

आतां आरंभींच्या त्या दोऱ्याकडे परत येऊं. यंत्र एवढें समर्थ झालें कीं, पृथ्वीनें दिलेली जवळची वाट त्याला एका दमांत चालतां यावी. पण त्या वाटेचें काय झालें? १९२९ मध्यें यंत्र दुबळें होतें आणि परवानगी अपुरी होती. एकविसाव्या शतकांत यंत्राचा दुबळेपणा गेला, परवानगीचा प्रश्न राहिला. २०१९ मध्यें फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत पाकिस्तानचें आकाश या मार्गाला बंद होतें. २०२२ च्या फेब्रुवारींत युक्रेनवर युद्ध कोसळलें आणि दोऱ्याचा तो तुकडा तुटला. २०२५ च्या एप्रिलांत पाकिस्ताननें भारतीय विमानांना पुन्हां मज्जाव केला आणि भारतानेंही तसेंच उत्तर दिलें. जूनमध्यें इराणचेंही आकाश युद्धामुळें मिटलें. कच्छ ओलांडतांच एक कुंपण, पुढें दुसरें, त्याहून पुढें तिसरें. शारजाकडे वळलेल्या त्या जुन्या विमानाप्रमाणेंच आजच्या अवाढव्य विमानांनाही दक्षिणेकडून अरबस्तानचा वळसा घ्यावा लागला. नव्वद वर्षांच्या प्रगतीनंतर वैमानिक पुन्हां त्याच वाटेला लागला, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याला विचार करावयास लावणारी आहे.

कोणी म्हणेल, तास-दीड तास अधिक लागला तर एवढा विषाद कशाला? तासाचा विषाद नाहींच. विषाद आहे तो एका भ्रमाचा. वाहन वेगवान झालें म्हणजे माणसें जवळ येतात, असें आपण धरून चालतों. तें खरें नव्हे, हें सांगणारा पुरावा आपल्याच इतिहासांत आहे, आणि त्याचें नांव रंगो बापूजी.

साताऱ्याचे छत्रपति प्रतापसिंह यांना इंग्रजांनीं १८३९ मध्यें पदच्युत केलें. त्यांची दाद लंडनच्या दरबारीं लावण्यासाठीं रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले आणि १८५३ पर्यंत तेथें राहिले. हीं वर्षें नेमकीं मार्ग जवळ येण्याचीं होतीं. ते लंडनमध्यें अर्ज करीत असतां मुंबईचें टपाल महिन्या-सव्वा महिन्यावर आलें होतें. पण त्यांचा अर्ज कोठें पोहोंचला? ते ज्या शहरांत राहत होते, त्याच शहरांत कंपनीची कचेरी होती. दोहोंमधलें अंतर पायीं चालण्याचें. तें अंतर त्यांना इतक्या वर्षांत ओलांडतां आलें नाहीं. १८४७ मध्यें त्यांचे धनी काशीस वारले; १८४८ मध्यें साताऱ्याचें राज्यही खालसा झालें; आणि ज्या न्यायासाठीं ते गेले होते, तो न घेतांच ते परतले. पुढें सत्तावन्नच्या धामधुमींत त्यांच्या मुलाला फांशी झाली आणि ते स्वतः असे नाहींसे झाले कीं, त्यांचा पत्ता सरकारला लागला नाहीं.

मुंबई आणि लंडन यांमधलें सात हजार दोनशें किलोमीटरांचें अंतर यंत्रानें दहा तासांवर आणलें, याबद्दल यंत्रकारांचे उपकार मानलेच पाहिजेत. आईच्या आजारपणाची तार आल्यावर दुसऱ्या दिवशीं घरीं पोहोंचलेला मुलगा त्यांचें मोल जाणतो. परंतु यंत्र जें अंतर कापतें, तें पृथ्वीचें. सत्ताधाऱ्याचा दरवाजा आणि अर्जदाराचा हात यांमधलें, किंवा दोन शेजारी राष्ट्रांच्या मनांमधलें जें अंतर आहे, त्याला ताशीं नऊशें किलोमीटरचा वेग लागू पडत नाहीं. तें कमी झाल्यावांचून जवळची वाट मोकळी होत नाहीं, आणि दोरा ताणून दाखविलेली ती सरळ रेषा गोलावरच राहते. भूगोलानें आपलें काम केव्हांच पुरें केलें आहे. राहिलेलें काम इतिहासाचें, म्हणजे आपलेंच, आहे.